मागच्या बाकावरच्या वह्या

विद्यापीठात तिला सगळेच आत्या म्हणायचे. रसायनाचे संशोधक म्हणायचे, गणिताचे म्हणायचे, ग्रंथालयाचा शिपाई म्हणायचा. एकदा भर बैठकीत कुलसचिवांच्या तोंडूनही 'आत्या' निघून गेलं आणि ते स्वतःच ओशाळले. नेमणुकीच्या कागदावर मात्र ती शेवटपर्यंत डेमॉन्स्ट्रेटर राहिली, म्हणजे प्रयोगशाळेत उपकरणं मांडून देणारी आणि ब्युरेट कशी धरायची ते दाखवणारी. प्राध्यापक व्हायचं तिच्याही मनात होतं. पण प्रबंध अर्धवट राहिला, आणि कुणी विचारलं तर वेळ मिळाला नाही असं ती सांगायची. खरं म्हणजे वेळ तिने दुसऱ्याच कामाला देऊन टाकला होता.

त्या कामाचं मूळ तिच्या स्वतःच्या फजितीत होतं. चोविसाव्या वर्षी, संशोधनाला लागून महिनाही झाला नव्हता तोच विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, सोमवारपासून पहिल्या वर्षाचा तास तू घे. काय शिकवायचं ते सांगितलं. कसं, ते कुणी सांगितलं नाही. समोर चाळीस मुलं. ती पन्नास मिनिटं फळ्याकडे तोंड करून बोलली. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंचा चेहरा पाहिलाय का रे कुणी?" वर्ग हसला, आणि हसणं थांबेपर्यंत ती एकच समीकरण तीनदा लिहीत राहिली. तास सुटल्यावर तिला बेसिनपाशी उलटी झाली. तोंड धुऊन ती पुढच्या वर्गावर गेली, कारण त्या दिवशी तिला दोन तास होते.

दहा वर्षं तिने दरवर्षी नव्या सहायकांना असंच पांढऱ्या चेहऱ्याने वर्गातून बाहेर पडताना पाहिलं. मग एक दिवस ती कुलसचिवांकडे गेली आणि म्हणाली, "मला एक खोली द्या. शिकवायचं कसं ते या मुलांना कुणीतरी सांगायला हवं."

तेव्हाचे कुलसचिव मिश्कील गृहस्थ होते. "शिकवायला काय शिकायचं असतं बाई? पोहता येणाऱ्याला पाण्यात ढकललं की झालं."

"आणि न येणाऱ्याला?"

त्यांनी खोली दिली. ग्रंथालयाच्या तळघरात, पुस्तकबांधणी विभागाच्या शेजारी, कोपऱ्यातून पाइप गळतो म्हणून कुणालाच नको असलेली. बारा खुर्च्या, एक फळा, आणि पुढे भौतिकशास्त्राने टाकून दिलेला एक कॅमेरा. दारावर 'अध्यापन सहायक मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी तिने स्वतःच रंगवली. 'मार्गदर्शन'मधला रफार आधी चुकीच्या अक्षरावर पडला होता, तो खरवडून नीट केल्याची खूण शेवटपर्यंत दिसायची.

तिची पद्धत साधी होती. नव्या सहायकाच्या तासाला ती मागच्या बाकावर जाऊन बसायची आणि लिहून घ्यायची. त्या दिवशी एक शब्द बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी त्याला खाली बोलवायची, चहा करायची आणि वही उघडायची. प्रश्न विचारलास की लगेच स्वतःच उत्तर देऊ नकोस, मनात सातपर्यंत आकडे मोज. खिडकीतल्या मुलीकडे तू अकरा वेळा पाहिलंस, दाराजवळच्यांकडे एकदाही नाही. येत नसेल तर येत नाही म्हण, पण उद्या सांगतो म्हणालास तर उद्या सांगच. उत्तरपत्रिका तपासताना सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा, नाहीतर पहिल्या गठ्ठ्याला तुझी उमेद मिळते आणि शेवटच्याला तुझा कंटाळा. आणि प्राध्यापक स्वतःचा सगळा बोजा तुझ्या गळ्यात मारत असतील, तर तुझे तास कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेव, रडगाणं गाऊ नकोस.

वर्षाला एक वही. शेजारचा बाइंडर उरलेल्या कागदांची, निळ्या पुठ्ठ्याची जाड वही तिला शिवून द्यायचा. तिच्यात सहायकांच्या चुका असायच्या, तसंच ते बोलता बोलता जे सांगून जायचे तेही असायचं. कोण घरच्या भांडणातून उठून वर्गावर आलं होतं, कोणाला लहानपणी शाळेत सगळ्यांसमोर उभं केलं होतं. पहिल्याच दिवशी ती प्रत्येकाला सांगायची, "ही वही तू आणि मी. तिसरं कुणी नाही." म्हणून ते बोलायचे.

'आत्या' हे नाव तिला खऱ्या भाचीमुळे पडलं. आत्याने लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी यांच्याबरोबर ती तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांच्या घरात राहायची. भाची हुशार होती, पण दहा वाक्यं ऐकावीत तेव्हा एक बोलायची, म्हणून घरात सगळे तिला मुनी म्हणत. ही मुनी समाजशास्त्रात संशोधनाला लागली आणि तिच्याही गळ्यात तास पडला. पहिल्या तासाहून ती घरी आली ती थेट न्हाणीघरात शिरली आणि कडी लावून बसली. वहिनी दार ठोठावून थकल्या. शेवटी आत्या दाराला टेकून जमिनीवर बसली आणि आतल्या मुलीला आपली ती फळ्याची गोष्ट सांगितली, उलटीसकट. कडी निघाली.

पुढचे दोन महिने रोज दुपारी मुनी तळघरात येऊन रिकाम्या खुर्च्यांना शिकवायची. आत्या तिची एकुलती एक विद्यार्थिनी. कधी ढ मुलगी व्हायची, कधी उद्धट, कधी डुलक्या काढणारी. "आत्या, तू मुद्दाम छळतेस," मुनी म्हणायची. "मी फुकट छळते. ते फी भरून छळतील," आत्या म्हणायची. मुनीचा आवाज सुटला तो असा. बाकीच्या सहायकांनी तिचं 'आत्या, आत्या' ऐकलं आणि उचललं.

मुनी मग थांबली नाही. व्याख्याती झाली, प्राध्यापिका झाली, लग्न करून वेगळ्या घरात गेली, या समितीवर त्या समितीवर दिसू लागली. कक्षाला बावीस वर्षं झाली त्या वर्षी नव्या कुलगुरूंनी 'अध्यापन उत्कृष्टता केंद्र' जाहीर केलं, आणि संचालक म्हणून मुनीचं नाव आलं.

आत्याला आकाश ठेंगणं झालं. तिने केंद्रासाठी यादीच करून ठेवली: खिडकी असलेली खोली, चालणारा कॅमेरा, मागच्या बाकावर बसायला आणखी दोन माणसं. रविवारी मुनी घरी आली तेव्हा तिने ती यादी वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "आत्या, तुझ्या वह्या देशील? पद्धत नीट समजून घ्यायची आहे."

आत्या कप विसळायला उठली.

"मीच वाचेन गं. दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

दुसरं कुणी असतं तर आत्याने सरळ नाही म्हटलं असतं. ही घरची पोर. आपण शब्द मोडतोय हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी तिने बावीस वह्या दोन पिशव्यांत भरून दिल्या. पुढे तिला सगळ्यात जास्त जाळलं ते यानेच. दोष दुसऱ्यावर पूर्ण टाकावा तर तेवढीही सोय तिने ठेवली नव्हती.

चार महिन्यांनी केंद्राचं उद्घाटन झालं. काचेची इमारत, गुळगुळीत फरशी, आणि अठरा धडे, सगळे संगणकावर. सहायकाने घरी बसून चित्रफिती बघायच्या, प्रश्नांच्या पर्यायांवर खुणा करायच्या, आणि शेवटी छापील प्रमाणपत्र काढून घ्यायचं. शेवटच्या पडद्यावर 'निर्मिती: केंद्राचा चमू' असं होतं. आत्या तिसऱ्या रांगेत बसली होती. सातपर्यंत मोजायचं तिचंच, पहिला प्रश्न सगळ्यांचा आधी तपासायचा तेही तिचंच. नाव नसल्याचं तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते तिने गिळलं. तिचा प्रश्न वेगळा होता आणि तो तिने केंद्राच्या पहिल्या बैठकीत विचारला.

"वर्गात जाऊन कोण बसणार?"

"एका सहायकामागे तीन तास जातात," मुनी म्हणाली. "आपल्याकडे साडेचारशे सहायक आहेत. तुम्ही वर्षाला किती जणांपर्यंत पोचत होतात?"

"चाळीस. पंचेचाळीस."

"मग उरलेल्या चारशेंचं काय, हा विचार करायला हवा."

हिशेब चुकीचा नव्हता. घरी जाताना तिच्या लक्षात आलं ते निराळंच. मुनीने तिला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं होतं.

महिनाभराने भूगर्भशास्त्राचा एक सहायक तळघरात आला. आत्याला इतकी नावं लक्षात ठेवणं जमत नसे, म्हणून ती सगळ्यांना विषयावरून हाक मारायची, हा भूगर्भवाला. हा अडखळत बोलायचा. दोन वर्षांपूर्वी भर वर्गात एका शब्दावर त्याची जीभ अडकली ती दोन मिनिटं सुटली नाही. मुलांनी बाकं बडवली. तो पळाला आणि दगडांच्या नमुन्यांच्या कोठीत खोक्यांमागे जाऊन बसला. तिथे आत्याने त्याला शोधून काढलं होतं. त्या दिवशी तो बरंच बोलला होता. लहानपणी शब्द अडकला की वडील थोबाडीत मारायचे आणि म्हणायचे, आता निघेल. त्यानंतर वर्षभर दोघांनी त्याच्या तासांवर मेहनत घेतली. अडकला की फळ्यावर लिहायचं, आणि पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकायचं, मी असा बोलतो, तुम्हाला थोडं थांबावं लागेल. मुलं थांबायला शिकली होती.

तो आला आणि खुर्चीवर न बसता म्हणाला, "आत्या, तुम्ही धडा अकरा बघितला?"

"नाही रे. का?"

त्याने फोन पुढे धरला. धड्याचं नाव होतं 'प्रसंग चार'. रेखाटलेला एक तरुण फळ्यापुढे उभा होता, तोंड उघडं, शब्द नाही. मग बाकं बडवण्याचा आवाज. मग खोक्यांची कोठी. मागून गोड आवाजातलं निवेदन, त्यात वडिलांची थोबाडीतही होती. शेवटी प्रश्न: 'या सहायकाने कोणत्या तीन चुका केल्या?' खाली सहा पर्याय.

"नाव नाहीये," तो म्हणाला. "पण आमच्या विभागात खोक्यांची क-कोठी एकच आहे. आता मला प्रसंग चार म्हणतात. माझी मुलंसुद्धा."

आत्याने खुर्ची पुढे सरकवली.

"तुम्ही म्हणाला होतात, तू आणि मी."

"हो. म्हणाले होते."

ती काहीतरी सारवासारव करेल असं त्याला वाटलं असावं. मग तो फोन खिशात टाकून निघून गेला. पुढच्या आठवड्यात त्याने सहायकाचं काम सोडलं, आणि सत्र संपताना संशोधनही. तो कुठेतरी नकाशे काढायच्या कचेरीत लागला असं नंतर कळलं. तिथे बोलावं लागत नाही.

आत्याने त्याच दुपारी केंद्राकडून वह्या परत मागवल्या. दहा दिवसांनी एका शिपायाने त्या खोक्यात घालून आणून दिल्या. चौथ्या वर्षाच्या वहीचा दोरा सैल झालेला दिसला म्हणून ती वही घेऊन शेजारी बाइंडरकडे गेली. त्याने वही उलगडून शिवणीवर बोट फिरवलं.

"चार पानं कमी आहेत, बाई."

"फाटली असतील."

"फाटली नाहीत. ब्लेडने काढलीत. हात साफ आहे."

चौथं वर्ष म्हणजे मुनीचं वर्ष. न्हाणीघराची कडी, रिकाम्या खुर्च्या, तासाआधी हातांना सुटणारा घाम, सगळं त्या चार पानांवर होतं. आत्याने बाकीच्या एकवीस वह्या आणून बाइंडरच्या टेबलाशी बसून तपासल्या. दुसऱ्या कुणाचंही एक पान गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती संचालकांच्या खोलीत गेली. मुनीने उठून दार लावलं, पाणी पुढे केलं.

"प्रसंग चार काढून टाक," आत्या म्हणाली.

"नाव कुठे दिलंय आपण?"

"नावाशिवाय ओळखला जातो तो. पोराने काम सोडलंय."

"मला माहीत आहे. मलाही वाईट वाटलं. पण आत्या, चार महिन्यांत अठरा धडे मागितले माझ्याकडे. खरे प्रसंग हवे होते. खोटे लिहिले की लगेच कळतात. आता बदलायचं म्हणजे पुन्हा समिती, पुन्हा मंजुरी. पुढच्या वर्षी बघू."

"चौथ्या वहीतली चार पानं कुठे आहेत?"

मुनीने पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"ती माझी होती," ती हळू आवाजात म्हणाली.

"आणि बाकीची कुणाची होती?"

मुनी हनुवटी किंचित खाली घालून बसली. घरात तिला मुनी म्हणायचे तेव्हा ती अशीच बसायची. आत्याला क्षणभर तिची कीव आली, आणि त्या किवेचाही राग आला. ती उठली. पाणी तसंच राहिलं.

तिने रीतसर तक्रार दिली. नवे कुलसचिव तरुण होते, घड्याळ बघत बोलणारे. त्यांनी कागद वाचून सांगितलं की वह्या कामाच्या वेळेत लिहिल्या गेल्या, विद्यापीठाच्या कागदावर लिहिल्या गेल्या, तेव्हा त्या विद्यापीठाच्याच.

"आणि मी दिलेला शब्द?" तिने विचारलं.

"तो तुम्ही व्यक्तिशः दिला असणार," ते म्हणाले. "संस्थेने नाही."

घरी भावाचं तोंड कडू झालं होतं. "चार कागदांसाठी पोरीशी वैर धरतेस? तिच्या नावाला बट्टा लागला असता तर?" त्या दिवसापासून रविवारी मुनी यायची असली की वहिनी आदल्या दिवशी आत्याला तसं सांगून ठेवायच्या, आणि आत्या त्या दुपारी बाहेर जायची. तेवढ्यावर घराने सगळं निभावून नेलं.

तळघरातला कक्ष दोन महिन्यांत बंद झाला. आत्याला केंद्रातच टेबल मिळालं, फोनचं. ज्यांना धडे उघडत नाहीत, ज्यांचा पासवर्ड चालत नाही, त्यांना ती मदत करायची. 'मोठ्या लिपीतलं अक्षर घातलं का? एक आकडा हवा.' ती हेही नीट करायची, कामात कुचराई करणं तिच्या स्वभावात नव्हतं. अधूनमधून एखादा सहायक फोनवर हळूच विचारायचा, "तुम्ही आत्याच ना?" ती म्हणायची, "हा मदत कक्ष आहे. अडचण काय आहे?"

तिच्या निवृत्तीचा निरोप समारंभ दीड वर्षाने झाला. मुनी छान बोलली. भाषणात तिने सभागृहाला विचारलं, "आपल्याला पहिल्यांदा ऐकून घेणारं माणूस कोण होतं, आठवतंय?" आणि ती थांबली. आत्या मनात मोजत होती. बरोबर सातला मुनीने पुढचं वाक्य उचललं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याने हार घेतला, नमस्कार केला आणि फोटोत डाव्या टोकाला उभी राहिली.

वह्या अजून तिच्याकडेच होत्या, परत मागायचं केंद्राला सुचलं नव्हतं. शेवटच्या दिवशी ती त्या घेऊन बाइंडरकडे गेली आणि म्हणाली, "या कापून द्या."

"त्यांच्याकडे सगळ्या पानांचे फोटो असतील, बाई. कापून काय उपयोग?"

"उपयोग नसेल. तरी कापा."

त्याने स्वतः शिवलेल्या वह्या एकेक करून मशीनखाली सरकवल्या. पातं खाली यायचं तेव्हा टेबल हादरायचं. करंगळीएवढ्या पट्ट्या होईपर्यंत आत्या स्टुलावर बसून बघत राहिली. पिशव्या भरल्या तेव्हा त्याने विचारलं, चहा घेणार का, आणि ती हो म्हणाली.

प्रसंग चार पुढच्या वर्षी निघाला. तिच्या तक्रारीमुळे नव्हे. धड्यांची नवी आवृत्ती आली, त्यात चित्रं जुनाट दिसतात म्हणून तो वगळला.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सत्राच्या सुरुवातीला एका सकाळी दारात एक मुलगी आली. बावीस-तेवीसची. वनस्पतिशास्त्राची सहायक आहे म्हणाली, पत्ता ग्रंथालयातून मिळवला म्हणाली. अठराही धडे तिने पूर्ण केले होते, प्रमाणपत्र पिशवीत होतं. उद्या तिचा पहिला तास होता.

"तुम्ही मागे येऊन बसायचात असं ऐकलंय. याल का?"

"मी आता कुणाच्या वर्गात बसत नाही."

"लिहून घेऊ नका हवं तर. नुसतं बसा."

"नाही जमणार, बाळ."

मुलगी पायरीवरच घुटमळली. तिला पुन्हा विचारायचा धीर होईना आणि जाववतही नव्हतं. आत्याने दाराची कडी हातात धरली होती.

"निदान एवढं सांगा. माझे हात थरथरतात. फळ्यावर लिहिताना दिसतं ते."

आत्याने तिच्या हातांकडे पाहिलं.

"खडू अर्धा मोडून घे," ती म्हणाली. "अक्षर मोठं काढ. आणि लिहून झालं की हात पाठीमागे नेऊ नकोस, टेबलावर टेकव."

मुलीने मान हलवली. आणखी काही मिळेल म्हणून ती थोडं थांबली, पण आत्याने दार लावून घेतलं.

आतून भावाने विचारलं, "कोण होतं?"

"पत्ता चुकली होती," आत्या म्हणाली.